पाहुणे फील ॲट होम झाले, त्याची हकीकत

॥ श्री ॥

मु. खालची कोंड, मार्गे देवरूख,
जि. रत्नागिरी.
दि. ४ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप सौ. गोदाताईस,

धाकट्या काशीरामचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला मुंबईच्या हवेनं वाढला की तुझ्या काढ्यांनी, ते कळव. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. खरं की खोटं ते पुढं वाचून तूच ठरव. मजकूर अंतर्देशीय पत्रात मावण्यासारखा नाही, म्हणून वहीची पानं घेतली आहेत (वही माझी स्वतःची आहे, शाळेची नव्हे, उगाच भुवया वर करू नकोस). आणि हे मी शाळेत, मधल्या सुट्टीत बसून लिहितो आहे, कारण माझ्या घरात मला बसायला जागा उरलेली नाही. ती का उरली नाही हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, आणि त्याचं मूळ तुझ्या दिवाळीतल्या पत्रात आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आठव, त्या पत्रात तू आमच्या राहीसाठी एक स्थळ सुचवलंस. मुलगा रघू, कंपनीत कायम, निर्व्यसनी; आई सुंदराबाई तुझ्या शेजारच्या चाळीतली, तुझ्या भिशीतली मैत्रीण; वडील बाबाजी गोदीतून निवृत्त, मूळचे राजापूरकडचे. इथवर ठीक. पण मग तू मला तीन सूचना केल्या होत्यास. एक, राहीला अबोली रंगाची साडी नेसवा. दोन, पोह्यांवर ओलं खोबरं हात आखडून घालू नका. आणि तीन, ‘माणसं मुंबईत राहून सुधारलेली आहेत, तू मास्तर असून पाहुण्यांसमोर तोंड शिवल्यासारखा बसतोस, निदान एखादं इंग्रजी वाक्य टाक.’ पहिल्या दोन सूचनांनी कुणाचं काही बिघडलं नाही. साडी शोभली, खोबरं पुरलं. तिसरीनं मात्र माझं घर नेलं.

आता मराठी शाळेच्या मास्तराकडे बोलण्याजोगं इंग्रजी वाक्य कुठून असणार? मला वाचता येतं, अर्थ लागतो, पण तोंडातून काढायची वेळ कधी आली नाही. म्हणून मी मुद्दाम देवरूखला जाऊन सदूला गाठलं (आपल्या नळ्याच्या वाडीतला सदू, माझा वर्गमित्र, आता हायस्कुलात इंग्रजी शिकवतो आणि चहासुद्धा इंग्रजीत पितो). त्यानं बराच विचार करून मला एक वाक्य दिलं : ‘फील ॲट होम’. तीनच शब्द, आणि मध्ये कुठं जीभ अडकत नाही. अर्थ असा की, स्वतःच्या घरी असल्यासारखं वाटू द्या. पाहुणा दारात आला की म्हणतात, कचेरीत नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी म्हणतात, दातांचा डॉक्टरसुद्धा खुर्चीत आडवं पाडून म्हणतो म्हणे (तिथं घरच्यासारखं कुणाला वाटत असेल ते सदूच जाणे). खुद्द सदूला ते तपासणीला आलेल्या एका साहेबानं म्हटलं होतं, सदूच्याच वर्गात, सदूच्याच खुर्चीवर बसून. मी विचारलं, समोरच्यानं त्यावर काय करायचं असतं? सदू म्हणाला, काही नाही. ‘थँक्यू’ म्हणायचं आणि जिथं बसवलंय तिथंच बसून राहायचं. आत डोकवायचं नाही, फडताळ उघडायचं नाही, आणि वेळेवर निघायचं. म्हणजे ज्याला खरोखर स्वतःच्या घरासारखं वाटलं त्यानं साहेबाच्या लेखी गाढवपणा केला. मला हे तेव्हाच विचित्र वाटलं होतं, पण वाक्य पाठ झालं होतं, आणि देवरूखची खेप फुकट घालवणं जिवावर आलं.

रविवारी, तेवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं मंडळी आली. पोहे झाले, राही आली, दोन प्रश्न झाले, गेली. आमच्या सौ. कमलानं दाराआडून मला डोळ्यांनी खुणावलं, आणि मी घसा साफ करून बाबाजींकडे पाहून म्हणालो, ‘फील ॲट होम!’ (आवाज जरा मोठा झाला. कोंबड्या उठल्या.) आता गंमत बघ ताई, ज्यांच्यावर छाप पाडायची त्या बाबाजींना इंग्रजीचा गंधही नाही. चाळीस वर्षं गोदीत ओझी उचललेला माणूस तो. त्यांनी मुलाला विचारलं, गुरुजी काय म्हणतात? दुसरा कुणी असता तर ‘आरामात बसा म्हणतात’ एवढं सांगून मोकळा झाला असता. पण रघू सरळ पोरगा आहे. त्यानं शब्दाला शब्द लावून समजावून सांगितलं की, बाबा, तुमच्या स्वतःच्या घरात तुम्हाला जसं वाटतं तसंच इथं वाटू द्या, असं गुरुजींचं म्हणणं आहे. बाबाजी माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘माज्या घरात?’ आणि ओटीचे वासे मोजावेत तसे वर पाहू लागले. मला वाटलं छाप पडली. पडलीच होती, पण कुठं पडली ते मला कळलं नाही.

थोड्या वेळानं ते उठले. सदरा काढला, माझ्या खुंटीवरचा माझा सदरा काढून तिथं आपला अडकवला, माझा पंचा कमरेला गुंडाळला आणि परड्यात गेले. मागच्या बांधाचा गडगा गेल्या पावसात ढासळला होता (दगडावर दगड रचायचं एवढंच ते काम, पण मी ‘या रविवारी’ म्हणता म्हणता पाच महिने काढले होते, हे तुझ्यापासून काय लपवायचं). त्यांनी तो जेवणापर्यंत उंबऱ्याएवढा उभा केला. सुंदराबाई लाजेनं अर्ध्या झाल्या, ‘अवो, आपण पावणे हाव’ म्हणून दोनदा हाका मारून आल्या. सोमवारी रघूची रजा संपत होती. मायलेक परत निघाले. बाबाजी म्हणाले, ‘तुमी जावा. गडगा पुरा करतो नि येतो.’ होकार की नकार याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि मुलीच्या बापानं गाडीच्या दारात उभं राहून तो विचारायचा नसतो, म्हणून मीही काढला नाही.

ताई, गडगा बुधवारी पुरा झाला. आज गुरुवार, पण पुढच्या आठवड्यातला.

या अकरा दिवसांत काय काय झालं ते क्रमानं सांगायला गेलो तर मला दुसरी वही आणावी लागेल. न्हाणीचं पाणी आता केळींना जातं (पूर्वी कुठं जायचं ते मलाच ठाऊक नव्हतं). गोठ्याच्या दाराचा आडवा वासा, आडणा, बदलला. कोंबड्यांचं खुराडं उगवतीकडून मावळतीकडे वळलं, आणि कोंबड्यांनी तक्रार केली नाही. कमलाच्या चुलीला त्यांनी दुसरं भांडं ठेवायला नवा औल घातला आणि तिथंच बसून तिला सांगितलं की कुळथाची पिठी तू पातळ करतेस. हेच मी अठरा वर्षांपूर्वी एकदा म्हणालो होतो, त्याचे परिणाम तुला आठवत असतील. त्यांना मात्र ती म्हणाली, ‘होय काय? उद्या घट करते.’ आणि केली. शेजारच्या धाकूशी पाणंदीवरून माझा नऊ वर्षांचा अबोला होता. मी तो किती शिस्तीनं पाळला होता! समोरून धाकू आला तर मी आंब्याला मोहोर आलाय का ते बघायचो, पावसाळ्यातसुद्धा. बाबाजींनी शुक्रवारी त्याला पाणंदीत अडवून ‘आमची वाट का रे दाबलीस?’ म्हणून असं काही झोडपलं की दोन्ही वाड्या गोळा झाल्या, आणि भांडण मनासारखं झाल्यावर त्यालाच चहाला घेऊन घरी आले. मी शाळेतून आलो तर धाकू माझ्या ओटीवर बशीतून चहा ओढत होता आणि वाट हातभर रुंद झाली होती. नऊ वर्षांची माझी मेहनत पाण्यात गेली.

मला पहिल्या दिवशी ते ‘गुरुजी’ म्हणत. तिसऱ्या दिवशी ‘मास्तर’. सहाव्या दिवशी ‘काशीराम’. परवापासून मी ‘काशा’ आहे. या नावानं मला तुझ्याखेरीज फक्त आपले बाबा हाक मारायचे, आणि तीही काहीतरी विसरलो असलो की. परवा संध्याकाळी मी घरी आलो, तर ओटीवर माझ्या आरामखुर्चीत ते, समोर गावची चार माणसं, आणि पेज रात्रभर मुरवावी की ताजीच प्यावी यावर परिषद चाललेली. मी दारात घुटमळलो. त्यांनी मान वर केली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाकाकडे बोट दाखवलं आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, ‘फीलाट होम, काशा, फीलाट होम!’ आणि मी, ताई, माझ्या स्वतःच्या ओटीवर, ‘थँक्यू’ म्हणून बाकाच्या कडेला बसलो.

बाबाजींच्या तोंडून ते वाक्य पहिल्या चार दिवसांतच वाडीभर झालं. कुणाच्या गुरानं कुंपण मोडून कुळथात मुक्काम ठोकला की आमच्याकडे आता ‘फीलाट होम झालंय’ म्हणतात. धाकूचा जावई दोन महिने हलत नाही, त्यालाही तेच. बाळंतपणाला आलेली लेक सहा महिने राहिली तर तेच, पण ते कौतुकानं. माझ्या वर्गात एक मुलगा पहिल्या बाकावर आडवा होऊन झोपला होता. मी छडी उचलली तर मागून कुणीतरी म्हणालं, ‘गुरजी, तो फीलाट होम झालाय.’ सदूला मी ही सगळी उदाहरणं लिहून पाठवली. त्याचं उत्तर आलं आहे की हा प्रयोग कोशात सापडत नाही. त्याला म्हणावं, कोशवाल्यांना आमच्याकडे पाठव. मात्र एकेकट्याला पाठव.

तू म्हणशील, एवढा त्रास आहे तर सरळ ‘आता या’ का म्हणत नाहीस? ताई, होकार त्यांच्या खिशात आहे. आणि राहीचं म्हणशील तर, आधीच्या तीन स्थळांच्या वेळी तिचं डोकं दुखलं होतं, तुला माहीत आहे. एकदा तर पाहुणे फाट्यावर उतरायच्या आधीच दुखायला लागलं. या खेपेला दुखलं नाही. रघू जाताना तिला काय बोलला ते मला कळलं नाही (चार शब्दांच्या वर नव्हतं, मी मोजत होतो), पण तेव्हापासून टपाल यायच्या सुमाराला तिला विहिरीवर पाणी आणायला जायचं असतं, घरात हंडे भरलेले असतानाही. आईविना वाढलेल्या पोरीसारखी ती कधी हट्ट करत नाही, आई धडधाकट असून. मागत नाही, बोलत नाही, नुसती हंडा घेऊन जाते. हे स्थळ व्हायला हवं आहे, ताई. दुसरं काही नको.

म्हणून काल सकाळी मी धीर केला. ते गोठ्यात शेण काढत होते. मी म्हटलं, बाबाजी, रागावू नका, पण आमच्या राहीचं काय ठरवलंत? त्यांनी खोरं भिंतीला टेकवलं, हात धुतले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘काशा, मी लय इचार केला. ह्या घरातून आपली पोर त्या खोलीत द्यायची? दहा बाय बाराची खोली. त्यात मी, माजी म्हातारी नि तो रघू. सकाळी नळाला रांग. पोर गुदमरंल रं. आपन नाय द्यायची. दुसरं स्थळ बगू.’

मी म्हटलं, अहो, रघू तुमचा मुलगा!

तर म्हणाले, ‘म्हनून तर सांगतो. मला ठाव हाय ना ती खोली.’

आलं का लक्षात? माझ्या व्याह्यानं माझ्या बाजूनं त्याच्या मुलाला नकार दिला आहे. नुसता दिला नाही, धाकूच्या मुलाकडून तसं कार्डही लिहून घेतलं आहे, ‘आमची मुलगी आपल्या घरी देण्याचा विचार नाही, राग नसावा’, खाली सही बाबाजी, पत्ता सौ. सुंदराबाई बाबाजी. पोस्टात पडायच्या आत मी ते मिळवलं, माझ्या खिशात आहे.

मी फार चिडलो होतो, पण मग ते तिथंच आडण्यावर बसून बोलायला लागले आणि माझा राग कुठं गेला ते समजलं नाही. आईबाप लहानपणी गेले. चुलत्यानं सांभाळलं, पण त्या घरात पाणी प्यायचं तरी विचारून. बाराव्या वर्षी मुंबईला गावकऱ्यांच्या खोलीत आले. तीस माणसं, प्रत्येकाला एक ट्रंक आणि चटईपुरती जागा, आणि पाळी बदलली की त्या चटईवरही दुसराच. लग्न झाल्यावर ही एक खोली, तीही आज आहे, उद्याची खात्री नाही. ‘आपल्या घरात कसं वाटतं’ म्हणून त्या दिवशी रघूनं सांगितलं, तर हे तिथंच ओटीवर आठवत बसले होते, कसं वाटतं ते. काही आठवेना. मग म्हणे त्यांनी ठरवलं, गुरुजी एवढे शिकलेले, उगाच कशाला म्हणतील, आपण बघावं तर खरं वाटून. ‘नि वाटलं रं काशा,’ असं म्हणाले आणि पुन्हा खोरं उचललं. मी शाळेत गेलो आणि पहिलीला चौथीची उजळणी म्हणायला लावली.

तरीसुद्धा, ताई, माझी बाजू तू समजून घे. मुलीचं लग्न अडलं आहे, आणि ते नवऱ्या मुलाच्या बापानं माझ्याच घरात बसून माझ्याच वतीनं अडवलं आहे. तेव्हा तू सुंदराबाईंना भेट आणि काहीतरी निमित्त काढून त्यांना मुंबईला बोलावून घे. एकदा ते त्या खोलीत परत गेले की पुन्हा मुलाचे बाप होतील आणि सगळं सुरळीत होईल. एवढं काम झालं की मी तुला बरक्या फणसाचं साठ पाठवीन. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
काशीराम

ता. क. – हे पत्र काल टाकलं नाही. कमलानं वाचायला मागितलं. वाचून म्हणाली, ‘तुम्हाला ते जायला हवेत, का राहीचं लग्न व्हायला हवं?’ मी म्हटलं दोन्ही. ती म्हणाली, ते त्या खोलीत परत गेले म्हणजे खोलीत आधीच तिघं, आणि चौथी आपली पोर. त्यांचं काय चुकलं? मग तिनंच तोड काढली. खोली नवऱ्या-बायकोला राहू दे, आणि बाबाजी राहू देत इथं. सुंदराबाईंनाही आणूया. पडवीच्या अंगाला एक खोली काढता येईल, चिरे परड्यातच आहेत, आणि बांधणारा माणूस घरातच आहे. व्याही-विहीण मुलीच्या माहेरी राहतात असं तू कुठं ऐकलं आहेस? मीही नाही. लोक हसतील. हसू देत. वरती जे लिहिलं आहे त्यातलं बोलावून घेण्याचं तेवढं काम करू नकोस. आणि खरं सांगायचं तर ते गेले तर मला करमणार नाही. मला ‘काशा’ म्हणणारं आता दुसरं कोण आहे? तू म्हणतेस, पण तू परळला असतेस.

ता. क. दुसरा – बाबाजींना विचारलं. ते एकदम उठून पडवीच्या बाहेर पावलांनी जागा मोजायला लागले. दहा बाय बारा नको, म्हणाले, जरा मोठी धरू. तेव्हा माझी खरी विनंती ही : रविवारी, एकवीस तारखेला, तू सुंदराबाईंना आणि रघूला घेऊन ये. रीतसर मुलगी मागायला. बाबाजी आमच्या बाजूनं बसणार आहेत आणि रघूला प्रश्न तेच विचारणार आहेत. त्याला तयारी करून यायला सांग. सुंदराबाईंना मात्र सगळं एकदम सांगू नकोस, हळूहळू सांग. इथल्या खोलीचं पक्कं ठरवण्याआधी त्यांना स्वतः विचारायचं आहे, असं बाबाजी म्हणाले आहेत.

आत्या, पत्र पेटीत टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं आहे, म्हणून पाठीमागे चार ओळी लिहिते. त्या खोलीवरून एवढं सगळं चाललंय, पण मला कुणी विचारलं नाही. मला ती खोली चालली असती, चौघं असलो तरी. रघूंना मी ते निघाले त्या दिवशी तसं सांगितलंसुद्धा होतं. पण हे आता घरात बोलले तर मामंजींना इथं राहायला कारण उरणार नाही, म्हणून बोलत नाही. तूही बोलू नकोस.

– राही